घर पक्कं मिळालं, मग टीबी का नाही गेला? (गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती)

रेवा

झोपडीतल्या माणसाला पक्कं घर मिळालं की त्याची तब्येत आपोआप सुधारणार, असं आपण सगळेच धरून चालतो. सरकार धरतं, बिल्डर धरतो. झोपडीत राहणारा माणूसही त्याच आशेवर परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, नाव लागावं म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालतो. या समजुतीबद्दल हा धागा काढते आहे, कारण मुंबईच्या एम-पूर्व वॉर्डात (गोवंडी, मानखुर्दचा भाग) ती खोटी ठरली आहे आणि त्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा झालेली नाही.

२०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांचा एक अभ्यास पुढे आला. तीन वसाहती घेतल्या होत्या : लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. तिन्ही पुनर्वसनाच्याच, एकाच वॉर्डातल्या. राहणारी माणसंही साधारण सारख्याच कमाईची. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की मधलं अंतर काही जागी जेमतेम ३ मीटर. पीएमजी कॉलनी त्या मानाने मोकळी. पहिल्या दोन वसाहतींत टीबीचं प्रमाण पीएमजीपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त. तिथे दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो आणि वारा फिरत नाही. अभ्यासाला पैसे एमएमआरडीए या सरकारी विकास प्राधिकरणाच्याच पर्यावरण सुधारणा संस्थेने दिले होते, म्हणजे कोणी विरोधकांनी केलेला आरोप म्हणून तो बाजूला टाकता येत नाही.

गरिबी आणि कुपोषण टीबीला कारण आहेतच, ते मी नाकारत नाही. पण इथे गरिबी सारखी होती. फरक होता इमारतीत.

ही माणसं तिथे आली कशी, तेही सांगते. २००२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून एमयूटीपी हा मुंबईचा वाहतूक प्रकल्प सुरू झाला. रेल्वेचे रूळ वाढवायचे, सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी हे जोडरस्ते काढायचे, म्हणून कडेच्या वस्त्या हलल्या. हललेल्यांचा आकडा लाखाच्या घरातला. त्यातली मोठी संख्या या वॉर्डात आणून बसवली, जिथे १९२७ पासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत तळाला असलेला वॉर्ड हाच. वस्तीतून तक्रारी गेल्यावर बँकेच्या तपासणी पॅनेलने चौकशी केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांच्या कामाचे पैसे काही महिने थांबवले होते. म्हणजे धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती. पण चर्चा राहिली ती पात्र-अपात्र, दुकानदारांची जागा, पाणी यांचीच. ज्या घरात नेऊन ठेवतो आहोत त्या घरात ऊन येतं का, हे कोणी विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : पुनर्वसनाच्या इमारतीला उजेड आणि हवेचे तेच नियम लागू व्हावेत जे शेजारच्या विक्रीच्या टॉवरला लागतात. एकाच प्लॉटवर दोन प्रकारच्या माणसांसाठी दोन प्रकारची हवा, हे आरोग्य धोरण म्हणूनही चूक आहे आणि माणुसकी म्हणूनही.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः जे अशा इमारतींत राहतात, काम करतात किंवा त्या आखतात त्यांनी.

---

ड्रॉइंगबोर्ड

आखणारा मी. बरीच वर्षं एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) फायली केल्या आहेत, त्यामुळे आतून कसं चालतं ते लिहितो.

झोपडपट्टी पुनर्वसन योजना मुंबईच्या बांधकाम नियमावलीतल्या कलम ३३(१०) खाली येते. रहिवाशाला घर फुकट, बिल्डरला त्या बदल्यात विक्रीसाठी बांधकाम. आता हिशोब बघा. रिहॅबची, म्हणजे पुनर्वसनाची, इमारत प्लॉटच्या जितक्या कमी जागेत मावेल तितकी सेलच्या, म्हणजे विक्रीच्या, इमारतीला जास्त जागा, चांगलं तोंड, पोडियम, बाग. शिवाय हेक्टरी किमान अमुक इतकी घरं बसलीच पाहिजेत अशी अट नियमातच आहे. आधी ५००, आता ६५०. बहुतेक कायदे दाटीवर वरची मर्यादा घालतात, इथे खालची घातली आहे. मग ती घरं मावावीत म्हणून कडेच्या मोकळ्या जागांत सवलत. दोन्ही इमारतींनी आपापल्या बाजूने सवलत घेतली की मध्ये उरते ती बोळ.

हे सगळं कायदेशीर आहे, हे लक्षात घ्या. कोणी लाच देऊन नियम मोडला म्हणून असं झालं, असं समजू नका. नियम पाळूनच असं झालं आहे.

यातली सगळ्यात वेदना देणारी गोष्ट म्हणजे मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतल्या उजेड-हवेवर व्याख्यानच दिलं होतं. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यांनी लावून धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या खोलीच्या पायाशी रेषा ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढी असू नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मं अंतर मध्ये हवं. हा नियमही तडजोडीचाच होता, आरोग्याच्या दृष्टीने ४५ अंश हवे होते.

आता हा नियम सात-आठ मजल्यांच्या, साधारण २४ मीटर उंचीच्या रिहॅबला लावा. १२ मीटर अंतर हवं. रेवाने लिहिलेले ३ मीटर शेजारी ठेवून बघा.

---

सुमती_सिस्टर

धाग्याबद्दल आभार. मी टीबीच्या कामात आहे, वॉर्ड सांगत नाही.

टीबीचा जंतू हवेतून पसरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ काय ते इमारतीत गेल्यावर कळतं. खोकल्यातून उडालेले बारीक कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. हवा बदलत राहिली तर ते विरळ होतात, उन्हाने जंतू मरतात. या घरांत दोन्ही नाही. शिवाय लोक खिडकी उघडत नाहीत. का नाही? समोरच्या घरातलं माणूस हाताच्या अंतरावर असतं, बाईमाणसाला कपडे बदलायची सोय नाही. खालच्या बोळात कचरा साठलेला, घुशी, डास, गटाराचा वास. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांना मी पुठ्ठे आणि प्लास्टिक ठोकलेलं पाहिलं आहे. रुग्णाला "खिडकी उघडी ठेवा" सांगताना माझा मलाच राग येतो.

घरात दिवसभर कोण असतं? बायका, तान्ही मुलं, म्हातारी माणसं. पुरुष निदान कामाला बाहेर पडतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलींचं प्रमाण बघून जीव तुटतो. लग्न ठरेल का या भीतीने घरचे आजार लपवतात, गोळ्या मध्येच सुटतात, आणि मग साध्या टीबीचा औषधाला न जुमानणारा टीबी (एमडीआर) होतो.

गोळ्या आता चांगल्या आहेत, एमडीआरलाही सहा महिन्यांचा नवा कोर्स आला आहे. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला आहारासाठी मिळणारे पैसे महिन्याला ५०० होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना शिधा देऊन केलेला अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुसत्या पोटभर चांगल्या अन्नाने घरातल्या इतरांना होणारा टीबी साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे अन्नाने फरक पडतो हे आपल्याच देशात सिद्ध झालं आहे. पण बरा झालेला माणूस त्याच अंधाऱ्या खोलीत परत जातो. मुंबईत वर्षाला पन्नास हजारांहून जास्त रुग्णांची नोंद होते. नुसत्या गोळ्यांवर हे संपणार नाही.

---

सरळमार्गी

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी दोन खोल्यांच्या घरासाठी वीस वर्षं हप्ते भरले. इथे अतिक्रमण करणाऱ्याला घर फुकट, आणि आता त्याच्या खिडकीत ऊन येत नाही याची जबाबदारीही समाजाची? दुसरं, बोळात कचरा कोण टाकतं? खिडकीतून खाली पिशव्या फेकणारे रहिवासीच ना? तिसरं, बरेच जण घर भाड्याने देऊन किंवा विकून परत झोपडीत जातात. घर इतकं वाईट होतं म्हणून गेले, की पैसे मिळाले म्हणून?

---

मानखुर्दकर

सरळमार्गी दादा, मी अशाच एका इमारतीत वाढलो, म्हणून उत्तर देतो.

आम्ही आधी रुळालगत कुर्ल्याच्या बाजूला होतो. अतिक्रमण म्हणता, पण फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) होता, मतदार यादीत नाव होतं, लाईटबिल होतं. आई चार घरची धुणीभांडी करायची, सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. इथे आलो आणि ती चारही कामं गेली. बसला पैसे आणि वेळ घालून जावं तर हातात काही उरत नव्हतं. झोपडीला पोटमाळा होता, त्यात काका राहायचे. इथे सगळे मिळून २२५ चौरस फुटांत. घर मोजताना पोटमाळा कोणी मोजत नाही.

कचऱ्याचं. हो, लोक टाकतात. मी लहान असताना आमच्याही घरातून पडला असेल. पण सातव्या मजल्यावरून लिफ्ट बंद असताना कचरा घेऊन उतरायचं, खाली कुंडी नाही, गाडी रोज येत नाही. लिफ्ट का बंद? कारण दुरुस्तीला पैसे नाहीत. प्रत्येक घरामागे २०,००० रुपये बिल्डरने ठेवायचे आणि त्याच्या व्याजावर सोसायटीने लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे चालवायचे, अशी व्यवस्था होती. त्या व्याजात महिन्याला घरटी शंभर-दीडशेच्या आसपास येतात. तुमच्या सोसायटीचा मेंटेनन्स किती आहे, सांगा.

घर विकणाऱ्यांबद्दल. आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब गेलं. त्यांच्या मुलीला टीबी झाला, मग दुसरीला. डॉक्टरांनी सांगितलं हवा बदला. त्यांनी मिळेल त्या भावाला घर दिलं आणि वस्तीत खोली घेतली, जिथे पत्रा तापतो पण दारात बसलं तर वारा लागतो. त्यांना कोणी लोभी म्हटलं की मला सहन होत नाही.

---

ड्रॉइंगबोर्ड

@सरळमार्गी, फुकट घराचा खर्च करदात्याच्या खिशातून जात नाही, विक्रीच्या घरांतून निघतो. जमीन बऱ्याच वेळा सरकारी असते आणि तिच्यावर वाढीव एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळतो. समाजाने काही दिलंच असेल तर ते बिल्डरला दिलं आहे आणि त्या बदल्यात नीट राहता येईल असं घर मागितलं आहे. ते मिळालं का, एवढाच प्रश्न.

---

सरळमार्गी

मानखुर्दकर, लिफ्टच्या पैशांचं मला माहीत नव्हतं. ते पटलं. विकण्याबद्दल जे लिहिलंत तेही समजलं.

पण एक व्यवहाराचा प्रश्न उरतोच. १२ मीटर अंतर सोडायचं म्हटलं तर त्याच प्लॉटवर घरं कमी बसणार. मग उरलेल्यांना कुठे ठेवणार? अजून लांब? आणि बिल्डरला परवडलं नाही तर योजनाच होणार नाही. वाईट घर की घरच नाही, असा प्रश्न आला तर तुम्ही काय निवडाल?

---

रेवा

हा प्रश्न अगदी रास्त आहे. घरांची संख्या आणि उजेड यांत ओढाताण आहे, ती झाकून बोलण्यात अर्थ नाही.

पण ही ओढाताण आपण तिसरी गोष्ट कायम धरल्यामुळे होते, ती म्हणजे विक्रीचा वाटा. १९९५ मध्ये एसआरए आली तेव्हापासून गरिबांच्या घरांचा सगळा खर्च शेजारी विकल्या जाणाऱ्या घरांतून काढायचा हे तत्त्व आहे. सरकारने तिजोरीतून काही द्यायचं नाही. मग जागेचं भाव-गणित जुळेल तिथेच योजना होते आणि जुळेल तितकीच हवा मिळते. पुनर्वसन हा सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च आहे असं मानलं आणि त्यात सरकारी पैसा घातला, तर त्याच प्लॉटवर विक्रीचा वाटा कमी करून रिहॅबला जागा देता येईल. टीबीच्या औषधांवर सरकार खर्च करतंच. तोच पैसा आजार व्हायच्या आधी घालायचा, इतकंच.

---

डॅन्यूबकाठ

व्हिएन्नात राहते. इथलं उदाहरण देते, कारण सरळमार्गींचा प्रश्न या शहराला शंभर वर्षांपूर्वी पडला होता.

पहिल्या महायुद्धाआधी आणि नंतरही व्हिएन्ना टीबीसाठी इतकी बदनाम होती की त्याला व्हिएन्नाचा आजार म्हणायचे. कामगार अंधाऱ्या, दाटीच्या इमारतींत. पाण्याचा नळ आणि संडास बाहेर पॅसेजमध्ये, आणि एका पलंगावर पाळीपाळीने झोपणारे भाडेकरू. १९१९ नंतर महापालिकेने स्वतः घरं बांधायला घेतली. १९२३ मध्ये घरांवर खास कर लावला. तो चढत्या दराचा होता, त्यामुळे कामगाराच्या खोलीवर अगदी किरकोळ पडायचा आणि आलिशान घरांवर जबर. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. आरोग्य खातं युलिउस टांडलर या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांकडे होतं. घरं, दवाखाने, बालवाड्या, न्हाणीघरं, सगळं एकत्र आखलं गेलं.

मी कधीकधी कार्ल-मार्क्स-होफच्या आवारात जाऊन बसते. १९३० ची इमारत, तेराशेहून जास्त घरं, लांबी किलोमीटरभर. पण जमिनीचा पाचवा हिस्सादेखील बांधकामाखाली नाही, बाकी अंगण आणि झाडं. घरं लहानच होती, आजच्या मानाने खूपच लहान. म्हणजे आकारात काटकसर केली, उजेडात केली नाही. टीबी नुसत्या घरांनी गेला असं म्हणणार नाही, अन्न आणि दवाखान्यांचाही वाटा होता. पण सुरुवातीचा पैसा करातून आला आणि ती घरं आजही पालिकेकडेच आहेत.

मुंबईची जमीन आणि लोकसंख्या वेगळी आहे, मान्य. तरी "कोणाच्या पैशाने" या प्रश्नाला एकच उत्तर असतं असं नाही.

---

येरवडेकर

पुण्याचा अनुभव. येरवड्यात बीएसयूपी या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेखाली काही वस्त्यांत जागच्या जागी घरं बांधली गेली. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई, सोबत स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन हा वस्तीतल्या बायकांचा गट. घर साधारण २७० चौरस फूट, दहा टक्के वाटा कुटुंबाचा. ज्यांची घरं आधीच पक्की होती ती पाडली नाहीत. कच्ची तेवढी काढून त्याच पायावर किंवा शेजाऱ्याबरोबर जागा जुळवून घरं उभी केली. वस्तीचे रस्ते, देऊळ, पाराखालची बैठक, कामाची ठिकाणं जिथल्या तिथे राहिली.

त्यातही गल्ल्या अरुंदच राहिल्या, सगळीकडे ऊन आलं असं नाही. पण कोणाच्या आईची चार कामं गेली नाहीत. मानखुर्दकरांचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

---

मीनल_व्ही

मुंबईतल्याच माहुलचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहिते. तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना २०१७ पासून माहुलला हलवलं, तेही रिफायनऱ्यांच्या शेजारी. तिथल्या हवेबद्दल हरित लवादाने २०१५ मध्येच ताशेरे ओढले होते. तरीही माणसं पाठवली. लोक विद्याविहारला रस्त्यावर बसून लढले. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिथे जायला नकार देणाऱ्यांना महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. इमारती उभ्या असून तिथे राहणं आरोग्याला घातक आहे, हे कोर्टात मान्य करून घ्यायला एवढं झगडावं लागलं. उजेडाइतकाच जागेचा प्रश्न आहे, एवढंच.

---

सुमती_सिस्टर

मीनल, अगदी. रेवा, नव्या इमारतींचे नियम बदलायला वेळ लागेल. ज्या उभ्या आहेत त्यांचं काय? माझे रुग्ण आज त्यात राहतात.

---

ड्रॉइंगबोर्ड

उभ्या इमारतीत काय होऊ शकतं ते लिहितो. पाडापाडी न करता.

सगळ्यात आधी दोन इमारतींमधली बोळ. ती साफ करून तळ पक्का करायचा, पाण्याला उतार द्यायचा, दोन्ही टोकांना जाळीचं दार लावायचं. तिथला वास आणि घुशी गेल्या तर खिडक्या उघडतील, आणि बाकी सगळं त्यानंतरच. भिंतींना पांढरा रंग दिला तर खालच्या मजल्यांवर उजेड थोडा वाढतो. मग मधला पॅसेज. बहुतेक इमारतींत लांब पॅसेजला दोन्ही बाजूंना दारं असतात आणि टोकाची खिडकी कोणीतरी सामान ठेवून बंद केलेली असते. ती मोकळी केली की आरपार हवा येते. जिन्याच्या माथ्यावर झडपा किंवा वाऱ्याने फिरणारा पंखा बसवता येतो, त्याला वीज लागत नाही. घरात स्वयंपाकाच्या बाजूला एक्झॉस्ट.

याने ३ मीटरचे १२ होणार नाहीत. खालच्या दोन मजल्यांसाठी माझं मत कडक आहे : तिथे कुटुंबं राहायलाच नकोत. तिथे दवाखाना, अंगणवाडी असंही नको, कारण तिथेही माणसं तासन् तास बसतात. गोदाम, पार्किंग, बचतगटांचं सामान ठेवायची जागा करा आणि त्या कुटुंबांना त्याच वॉर्डात दुसरी घरं द्या. सरकारकडे प्रकल्पग्रस्तांसाठी बांधून रिकामी पडलेली घरं आहेत.

---

रेवा

खालच्या मजल्यांचा मुद्दा मला जोडायलाच हवा होता, धन्यवाद.

अजून एक मागणी लिहून ठेवते. टीबीच्या नोंदी निक्षय या सरकारी ऑनलाइन नोंदणीत पत्त्यासकट होतात. नावं काढून, इमारत आणि मजल्यानुसार आकडे वॉर्ड ऑफिसला दरवर्षी जाहीर करता येतील. ज्या इमारतीत प्रमाण वाढतं तिथे एक्स-रेची गाडी तर जावीच, पण त्याच्याबरोबर इंजिनिअरही जावा. आज आरोग्य खातं रुग्ण शोधतं आणि इमारत प्रस्ताव खातं नकाशे मंजूर करतं, दोघांची गाठ कुठेच पडत नाही.

---

सरळमार्गी

मजल्यानुसार आकडे जाहीर झाले तर त्या इमारतीतल्या लोकांना कामावर, शाळेत त्रास होणार नाही का? घरांच्या किमतीही पडतील.

---

सुमती_सिस्टर

होईल, हे खरं आहे. म्हणून नावं नकोतच, आणि इमारतीचा आकडा आधी तिथल्या सोसायटीला आणि खात्याला द्यावा, वर्तमानपत्राला नंतर. पण लपवून ठेवल्याने त्रास कमी झाल्याचं मी एकाही घरात पाहिलेलं नाही. ज्या इमारतीत चार-पाच जणींनी उघड सांगितलं, तिथे बाकीच्या तपासणीला स्वतःहून आल्या.

---

मानखुर्दकर

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. बोळीचं आणि पॅसेजच्या खिडकीचं ठरावात घेतो. कमिटीतले लोक माझं ऐकतील की नाही माहीत नाही, पण महिला मंडळाच्या ताई नक्की ऐकतील, त्यांच्यामार्फत आणतो. ड्रॉइंगबोर्ड दादा, तुम्हाला इमारतीचा नकाशा पाठवला तर बघाल का? कमिटीकडे झेरॉक्स आहे.

---

ड्रॉइंगबोर्ड

बघतो, व्यक्तिगत निरोपातून पाठवा. नकाशात दाखवलेलं आणि प्रत्यक्षातलं अंतर बऱ्याचदा वेगळं असतं, म्हणून टेप घेऊन बोळीची रुंदी तीन ठिकाणी मोजा. खिडकीची लांबी-उंची आणि उंबरठ्यापासून छतापर्यंतची उंचीही हवी. दुपारी बारा वाजता प्रत्येक मजल्यावरच्या एका घरात दिवा बंद करून फोटो काढा, सगळे एकाच दिवशी. सभेत ठरावासोबत ते फोटो लावा.